माणूस न सोडणारा एवाल्ड

तुम्ही स्वतःला फुटबॉलचे जाणकार म्हणवता ना? मग सांगा बरं, एवाल्ड ल्युबिंस्की कोण? नाही ना माहीत. वाटलंच होतं. टीव्हीवरच्या खेळाडूंच्या बायकांची आणि कुत्र्यांची नावं तुम्हाला तोंडपाठ, आणि हर्नेबेक या खाणीच्या गावातल्या लाल खडीच्या मैदानावर उभं आयुष्य गुडघे सोलून घेतलेला माणूस मात्र कोण कुठला. त्याच्या उजव्या गुडघ्यात कातडीखाली त्या खडीचे तीन खडे आजही आहेत. दाखव म्हटलं की लगेच पँट वर करतो, चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा.

खाणकामगाराचा पोरगा. सतराव्या वर्षी खाणीत उतरला, अठराव्या वर्षी गावच्या संघात. देवाने वेग दिला नव्हता, उंची बेताची, डावा पाय फक्त तोल सांभाळायला. दिली होती ती चिकाटी. समोरच्या संघाचा एक माणूस नेमून दिला, की एवाल्ड नव्वद मिनिटं त्याच्या मानेवर श्वास सोडणार. चेंडू कुठे आहे याची चौकशी तो सहसा करत नसे. चेंडू काय, येतो नि जातो; माणूस धरून ठेवावा लागतो, असं त्याचं म्हणणं. एका वैतागलेल्या खेळाडूने स्थानिक पेपरात सांगितलं होतं, की लग्न झाल्यापासून बायकोपेक्षा या ल्युबिंस्कीचाच सहवास जास्त घडला. ते कात्रण एवाल्डच्या पाकिटात असतं. हेड्विगचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोटो त्याच्या मागे. क्लबच्या खिडकीत सॉसेज भाजता भाजता ती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

या चिकाटीवर तो दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि सगळ्यात वरच्या लीगमध्ये एकदाच, एकतीस मिनिटं. संघ चार गोलांनी हरला. पण माझ्या माणसाने एकही केला नाही, हे तो अजून छातीवर हात ठेवून सांगतो, आणि ते खरं आहे. मग गुडघा गेला. खाणीच्या कोठारात नोकरी, आणि संध्याकाळी गावच्या संघाचा कोच. मंगळवार आणि गुरुवार, तेवीस वर्षं. पोरांना शिकवलं तेच, जे स्वतःला येत होतं. प्रत्येकाला एक माणूस. सोडायचा नाही.

आणि मग अठ्ठ्याण्णव साली आला तो झोन. म्हणजे माणसामागे धावायचं नाही, आपापली जागा राखायची, तिथे जो येईल त्याला अडवायचं. क्लबचा अध्यक्ष बेर्नहार्ड ट्योनिस धंद्याने नळदुरुस्तीवाला, पण कुठल्याशा शिबिरातून झोन शिकून आला होता. त्यात संघ तळाला. बेर्नहार्डने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं: या वेळी खालच्या लीगमध्ये घसरलो, तर जुलैपासून नवा कोच. पदविका असलेला. लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा फळा बाळगणारा.

झोन हे वाहनतळाच्या राखणदाराचं काम आहे, असं एवाल्ड त्याला म्हणाला. पण घरी बटाट्याचं सूप त्याच्या पुढ्यात गार झालं. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता माणसाने घरात बसून करायचं तरी काय?

"दोन दिवस शिकव की झोन," हेड्विग म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग बस तुझ्या माणसाला धरून. तो तरी तुला जेवायला घालतो का बघू."

मे महिन्याचा शेवटचा रविवार, दुपारी तीन. समोर वेस्टरहोफचा संघ. बरोबरी झाली तरी हर्नेबेक वाचणार होतं. त्यांचा क्नुट नावाचा ताडमाड पोरगा हंगामात पंचवीस गोल करून आलेला. त्याच्यावर एवाल्डने फोल्करला लावलं. फोल्कर बेकरीत कामाला; पहाटे तीनला उठायचा आणि सांगितलेलं तंतोतंत करायचा. एवाल्डने त्याची कॉलर धरून बजावलं, की क्नुट पाणी प्यायला गेला तर तू सोबत, बाकावर बसला तर तू समोर.

सगळं छान चाललं होतं. हर्नेबेकने एक गोल केला, आणि क्नुटला चेंडूचा वास लागेना. चिडून चिडून तो इतका बिथरला, की सत्तराव्या मिनिटाला त्यांच्या कोचने त्याला बाहेर घेतलं. क्नुट जाऊन बाकावर बसला. फोल्करही मागोमाग गेला, आणि बाकासमोर, रेषेच्या दोन पावलं आत, क्नुटवर नजर रोखून उभा राहिला.

कठड्याला टेकलेले लोक हसू लागले. वेस्टरहोफच्या एकाने त्याला थर्मासमधली कॉफी देऊ केली. फोल्करने मान हलवून नको म्हटलं. नजर ढळू दिली नाही. एवाल्डनेही हे पाहिलं, आणि सांगायला लाज वाटते, पण आधी त्याला अभिमानच वाटला. तेवीस वर्षांत एका तरी पोराने नीट ऐकलं होतं.

अभिमान दोन मिनिटं टिकला. क्नुटच्या जागी आलेला पोरगा गोलसमोरच्या मोकळ्या जागेत रमतगमत आला आणि गोल करून गेला. एक-एक. अजून अठरा मिनिटं बाकी, आणि त्या पोराला धरायला माणूस नाही. कारण बाकीच्या प्रत्येकाकडे आपापला माणूस होता, आणि सोडायचा नाही हा कोचचाच हुकूम.

बेर्नहार्ड कठड्यावरून बघत होता. हेड्विगचा चिमटा हवेतच थांबला होता. मग एवाल्ड ओरडला, आणि सगळ्या मैदानाने ऐकलं:

"फोल्कर, सोड त्याला. गोलसमोर उभा राहा. तिथे येईल तो तुझा."

"कोण, कोच?" फोल्करने विचारलं. "नाव सांगा ना."

"कुणीही असो. तू जागा सोडू नकोस. ए, बाकीच्यांनो, तुम्ही पण."

पोरं क्षणभर बावचळली, मग आपापल्या जागी उभी राहिली. वेस्टरहोफवाल्यांनी अठरा मिनिटं डोकं आपटलं. एक-एकवरच शिट्टी झाली.

बेर्नहार्ड दोन बाटल्या घेऊन आला. चेहरा असा, की बिल न देणाऱ्या गिऱ्हाइकाने स्वतःहून दार उघडलंय.

"एवाल्ड, हा झोनच होता की."

"कसला झोन? फोल्कर दमला होता. पहाटे तीनला उठतो पोरगा. म्हटलं, एका जागी उभा राहू दे."

"आणि बाकीचे?"

"तेही दमले होते."

बेर्नहार्डने एक बाटली त्याच्या हातात दिली आणि नव्या कोचचा विषय पुन्हा काढला नाही. एवाल्ड अजून तिथेच आहे. दर मंगळवारी पोरांना चार-चारच्या रांगेत उभं करतो, मध्ये दोर बांधतो, आणि सगळ्यांनी मिळून डावीकडे सरका, उजवीकडे सरका असं घोटून घेतो. याला काय म्हणतात असं कुणी विचारलंच, तर म्हणतो, विश्रांती.

तेव्हा कधी हर्नेबेकला गेलात, तर कठड्याला टेकून खुशाल बघा, हेड्विगच्या खिडकीतलं सॉसेज खा, गुडघ्यातले खडे दाखवायला सांगा. पण हात जोडून सांगणं आहे, त्याच्यासमोर झोनचं नाव काढू नका.