जिभेखालची गोळी आणि मैदानवाली

शाळेच्या मैदानाची निगा राखणारी बाई गवतानेच आजारी पडते, हे ऐकून लोक आधी हसत. मैदानवालीला त्याची सवय होती. चौदा वर्षं ती तिथलं गवत कापत होती, आणि गवताला तुरे आले की दरसाल दोन महिने शिंकून शिंकून बेजार होत होती. एकदा कापायचं यंत्र चालवताना अशी शिंकांची माळ लागली, की मैदानावर नागमोडी पट्टा उमटला. मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सांगितलं, "बाई, तुम्ही आता सामानाच्या खोलीत बसा."

"बसायला मी म्हातारी झाले का?" म्हणत ती तडक इस्पितळात गेली. तिथे गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या मोठ्या माणसांवर नव्या गोळ्यांची चाचणी चालली होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "गोळीत त्याच गवताचे परागकण असतात. रोज थोडे थोडे, म्हणजे शरीराला सवय होते. पण निम्म्या लोकांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळेल. कुणाला कुठली, हे शेवटपर्यंत मलाही कळणार नाही. आणि नको वाटलं, तर कधीही सोडता येईल."

"सोडायला नाही आले मी," मैदानवाली म्हणाली.

पहिली गोळी डॉक्टरांसमोर घेऊन अर्धा तास बसायचं होतं. पुढच्या घरी. रोज सकाळी गोळी जिभेखाली ठेवायची, मिनिटभर गिळायचं नाही, बोलायचं नाही. नवरा खूश. "लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदाच!" ती नुसते डोळे वटारायची, आणि मिनिट संपलं की व्याजासकट बोलायची.

हंगाम आला. शिंका तेवढ्याच, डोळे तसेच लाल. रोज संध्याकाळी वहीत त्रासाचे आकडे लिहायचे होते, ते ती नेमाने लिहायची.

जाऊ म्हणाली, "अगं, तुझी गोळी बिनऔषधाचीच दिसते. दे सोडून! नाहीतर माझ्याकडची शिंकांवरची दुसरी गोळी घे गुपचूप, कोण बघतंय?"

"मग वहीत काय लिहू? तुझं नाव?" मैदानवाली फणकारली. "त्रास झाला तर झाला लिहीन. अर्ध्यातून उठायची नाही."

दुसराही हंगाम तिने तसाच काढला. तोंडाला फडकं बांधून, पहाटे दव असतानाच गवत कापून. दोन वर्षांत एकही दिवस चुकला नाही.

मग निकाल लागला. गोळी बऱ्याच जणांना लागू पडली होती. मैदानवालीची मात्र बिनऔषधाची निघाली.

"म्हणजे दोन वर्षं मी नुसती चघळत बसले?" तिचा आवाज चढला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तुमच्यासारख्यांच्या खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिलं, म्हणून तर गोळीचा गुण कळला."

तिचं समाधान झालं नाही. ती तरातरा बाहेर पडली, थांब्यावर बसली, समोर आलेली एक बस सोडून दिली. रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मग नाक पुसून ती उलट पावली परत आली.

"आता खरी द्या."

"देऊ. पण पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षं."

"चालेल. लिहा माझं नाव."

खऱ्या गोळीने पहिले काही दिवस तोंडात खाज सुटली, घसा चुरचुरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं सुरुवातीला. तिने दाद दिली नाही. पुढच्या हंगामात शिंका आल्या, पण डोळे सुजले नाहीत, आणि दम लागला नाही. वार्षिक सामन्यांच्या आदल्या दिवशी तिने सगळं मैदान एकटीने कापलं.

"कसं आहे आता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"निम्मं गेलंय."

"छान आहे की!"

"छान कुठलं? निम्मं अजून आहे," मैदानवाली म्हणाली, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन कामावर निघाली.