आईसाठी धरलेली खुर्ची

आमच्या आईच्या लक्षात माणसं चेहऱ्याने राहत नाहीत, आवाजाने राहतात. तिची सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली. ट्रंक कॉल जोडता जोडता तिने अर्धं पुणे कानाने ओळखून ठेवलं होतं. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ आले आणि त्या कानांना काम उरलं नाही. उरलं ते एकच वेड, एका गायिकेचा आवाज. रेडिओवर ती लागली की विश्रांतवाडीच्या आमच्या घरात कुकरलाही शिट्टी वाजवायची परवानगी नसे. तिची एक जुनी कॅसेट होती, तिच्यावर गायिकेचा दोन वेण्या घातलेला तरुणपणीचा फोटो. "एकदा समोर बसून ऐकायचंय गं," असं आई म्हणायची, आणि तिकीट काढते म्हटलं की "कशाला उगीच" असंही तीच म्हणायची.

खराडीत आमच्या कंपनीने एका अनाथाश्रमाच्या मदतीसाठी खाऊगल्ली आणि गाण्याचा कार्यक्रम ठरवला. गाणारी तीच आहे हे कळल्यावर मी नाचायचीच बाकी होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी स्टॉल लावायचे होते. आईने पिठलं-भाकरीचा लावला. मी आधीच वदवून घेतलं होतं, गाणं सुरू झालं की गॅस बंद.

"हो गं बाई," आई म्हणाली.

सदाशिव पेठेतला आमचा टीमलीड दोनदा जेवला आणि म्हणाला, "काकू, वाईट नाहीये." त्या पेठेत याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. शेजारी पिझ्झा होता, तरी लोक आईपुढेच उभे. आणि इथेच आमचं गणित चुकलं. बुद्धपौर्णिमेला विहारात भोजनदान असतं, तिथे आई वर्षानुवर्षं वाढते. शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत वाढणाऱ्याने हात धुवायचे नाहीत, हा तिथला शिरस्ता. पण विहारात शेवटचा माणूस असतो. खाऊगल्लीत एक गेला की दोन येतात. हे काही तिच्या डोक्यात शिरेना.

"आई, सुरू होतंय!"

"तू जाऊन खुर्ची धर. एवढी रांग संपली की आलेच."

मी तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर ओढणी टाकली आणि शेजारी बसले. मैदानाच्या या टोकाला स्टेज, त्या टोकाला स्टॉल, मध्ये जनरेटरची घरघर. तिथे काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. दोनदा उठून बोलावून आले, दोन्ही वेळा "आलेच". भैरवी सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहायचं सोडून दिलं. इतकी सुंदर भैरवी ऐकून मला संताप आला, कारण शेजारची खुर्ची रिकामी होती. गायिकेला जांभळी शाल आणि श्रीफळ देऊन झालं, लोक उठले, तरी मी बसूनच राहिले. खुर्च्या उचलणारे आले तेव्हा उठले.

आई पातेलं खरवडत होती. हळहळत असेल असं वाटलं होतं, पण बाईसाहेब खुशीत.

"कार्यक्रम सुटल्यावर एक बाई आल्या होत्या. पांढरे केस, खांद्यावर शाल. घसा बसला असावा, एक अक्षर बोलल्या नाहीत. ठेचा वाढायला गेले तर गळ्याला हात लावून नको म्हणाल्या. पण अशा चवीने जेवल्या! अर्धी भाकरी मागून घेतली खुणेने."

"शाल जांभळी होती का?"

"हो. तुला कसं कळलं?"

सांगू नये असं मनात आलं. पण माझा आवाज बदलला होता, आणि आईपुढे आवाज लपत नाही. सांगून टाकलं. गाऊन झाल्यावर त्या दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलत नाहीत, असं निवेदकाने स्टेजवर सांगितलं होतं, तेही सांगितलं.

आई स्टुलावर बसली. हातातलं उलथनं तिने तसंच मांडीवर ठेवलं, साडीला पिठलं लागलं तरी.

"मी त्यांनाच विचारलं गं," ती म्हणाली, "गाणं कसं झालं? म्हटलं, माझं ऐकायचं राहूनच गेलं."

"मग?"

"माझा हात धरला त्यांनी. तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणार होत्या. मीच म्हटलं, राहू द्या, आधी जेवून घ्या. मागे रांग आहे."