देसले सरांचा तास

अभिमन मालचे पिंपळनेरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. भिल्ल समाजातून आलेले त्या शाळेतले ते एकटेच मास्तर. अठ्ठ्याऐंशी साली एकदा नववीच्या वर्गात त्यांनी पुस्तक मिटलं आणि पंधराएक वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यात झालेला जमिनीचा लढा सांगितला. हातची गेलेली शेतं परत मागायला आदिवासी बांधावर कसे उभे राहिले, काठ्या कशा पडल्या. दुसऱ्या दिवशी गावातले बागायतदार शाळेत हजर.

"पोरांना भडकवता म्हणे," हेडमास्तर म्हणाले. "मालचे, पुस्तकाबाहेर जाऊ नका."

मालचे वर्गावर गेले आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

दिवाळीनंतर हाच लढा मोतीलाल देसल्यांनी नववीच्याच शेजारच्या तुकडीला सांगितला. देसले मोठ्या शेतकरी घरातले, आवाज भरदार. चहा पिताना कधीतरी मालच्यांनीच त्यांना वडिलांची हकिगत सांगितली होती. झिपरू मालचे बांधावरून हटले नाहीत. उजवा हात मोडला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. देसल्यांनी ती जशीच्या तशी सांगितली, सांगताना ते रडले. बागायतदार याही वेळी आले, पण "सर, काय जिवंत शिकवता!" असं म्हणायला.

मालच्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हकिगत उचलली याचं त्यांना काही नव्हतं. देसल्यांना भर वर्गात रडता आलं आणि तरी 'तुम्ही कुणाच्या बाजूचे' असं कुणी विचारलं नाही, हे त्यांना सोसवेना.

त्यात संध्याकाळी रुक्मा घरी आली. ही त्यांची भाची, शिकायला त्यांच्याकडेच राहायची आणि देसल्यांच्या तुकडीत होती.

"मामा, देसले सरनी आज बठ्ठी गोष्ट सांगी. पोरी रडाले लागन्यात. तू काब्रं नही सांगस?"

आपण का सांगत नाही, या प्रश्नाने मालच्यांना रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांनी पुन्हा पुस्तक मिटलं. जपून सांगितलं, दोन्हीकडचं म्हणणं मांडलं, मोडलेल्या हाताचं सांगितलं, पण कुणाचं नाव घेतलं नाही. मागून एक पोरगा उठला.

"सर, तुम्ही त्यांच्यातलेच ना?"

"हो. हात मोडला ते माझे वडील."

कुणी रडलं नाही. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

आठवडाभरात मालच्यांच्या तुकडीचा इतिहासही देसल्यांकडे गेला. मालच्यांच्या वाट्याला पाचवीचा भूगोल आला.

"अभिमनभाऊ, मी मागितला नव्हता," देसले ओशाळून म्हणाले.

"माहीत आहे."

देसले मनाचे चांगले होते, म्हणून तर जास्त जळायचं. भांडायलाही जागा नव्हती. मग देसल्यांनी विचारलं, "शेत शेवटी परत मिळालं का? मुलं विचारतात."

"ते मी सांगेन, देसले. माझा तास मला मिळेल तेव्हा."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी रुक्माला सगळं सांगितलं. शेत अर्धंच मिळालं, तेही खडकाळ. रुक्मा रडली नाही. तिने एकामागून एक प्रश्न विचारले आणि मालचे उत्तरं देत राहिले.

तरी दुसऱ्या दिवशी पाचवीकडे जाताना नववीतून देसल्यांचा आवाज आला आणि त्यांचे पाय दाराशी अडले. वर्ग अगदी शांत होता. मालचे भिंतीला टेकून, दात आवळून ऐकत राहिले.