झोपाळू लॅपटॉप आणि बीपीचं कडं

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला, आणि शर्ट माझा खराब झाला.

तर, मी कॉम्प्युटरवर चादरींची डिझाइनं काढतो. सोलापुरात राहून दुसरं काय काढणार? माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तेही मी स्वतःच्या हातानं घातलेलं. त्याचा मला इतका गर्व, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी शेजारच्याला विंडोजचे तोटे सांगतो. लोक मठ्ठ्याची वाट न बघता उठतात.

माझा मेहुणा नागेश, याचा चादरींचा कारखाना आहे. इतकी वर्षं घरात डिझायनर असून हा गडी डिझाइनं आणायचा इचलकरंजीहून! पण यंदा हुरडा पार्ट्यांची रिसॉर्टं चालवणारे एक शेठ येणार होते. त्यांना खोल्यांसाठी चादरी हव्या होत्या, काठाला ज्वारीची कणसं असलेल्या. माझ्या बायकोनं, सुरेखानं, भावाकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

"बावा," नागेश म्हणाला. आमच्या तेलुगू घरांत बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात. "जमतंय का बघा. नसंल जमत तर आत्ताच सांगा की. शेठसमोर आमचं नाक कापू नका."

"अरे, माझ्याकडे लिनक्स आहे!" मी म्हणालो.

बोललो आणि घात झाला.

दुसऱ्याच दिवशी मी कणसात दाणे भरत बसलो होतो. उजवा हात माऊसवर, डावा लॅपटॉपच्या कडेला टेकलेला. आणि अचानक स्क्रीन काळी. लॅपटॉप झोपला! झाकण उघडं, चार्जर लावलेला, मी समोर टक्क जागा, आणि हा झोपला. बटण दाबून उठवला. परत झोपला. पुन्हा उठवला, पुन्हा झोपला. शेवटी जो उठला तो वेड लागल्यासारखा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा पळायला लागली आणि कर्नलनं मान टाकली. कर्नल म्हणजे लॅपटॉपचा कारभारी हो, आतली सगळी कामं त्याच्या हुकमानं चालतात. कारभारीच 'मेलो मेलो' म्हणून बोंबलायला लागला तर मालकानं काय करायचं?

परत चालू केला तर फाइलसिस्टिम बिघडलेली. म्हणजे कुठली फाईल कुठं ठेवली हेच लॅपटॉपला आठवेना. मी दुरुस्ती केली. सगळं परत आलं, डिझाइन सोडून. उघडून बघतो तर अर्धी कणसं गायब. उभ्या पिकावर पाखरं पडावीत तसं!

चोर मात्र मी लगेच ओळखला. त्याच आठवड्यात मी नवा कर्नल टाकला होता. म्हणजे दोष कर्नलचा. सरळ आहे की नाही?

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती, पण ती घरगुती होती. डॉक्टर म्हणाले होते, बीपी जरा वर आहे. ते ऐकून आमचे साडू धावत आले. हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेत आणि आता बीपीची तांब्याची कडी विकतात. त्यांनी एक माझ्या डाव्या मनगटात चढवलं.

"लई ताकद हाय ह्यात," ते म्हणाले. "रक्ताला वढून लायनीवर आणतंय बघा."

मग मी जुना कर्नल टाकला. लॅपटॉप झोपला. त्याहून जुना टाकला. झोपला. रॅम काढून पुसून बसवली, नवी डिस्क घातली, सगळं लिनक्स पहिल्यापासून घातलं. मी बसलो की हा झोपणार, उठला की कारभारी बोंबलणार, आणि कणसं साफ! चिडून मी पुन्हा बीपी मोजलं. आणखी वर गेलं होतं.

साडूंना फोन केला. ते म्हणाले, "एकानं भागंना तर दुसऱ्या हातात बी घाला की!"

घातलं. आता लॅपटॉप दुप्पट झोपायला लागला.

जगभरातले लिनक्सवाले एकमेकांच्या अडचणी सोडवतात अशी इंटरनेटवर एक जागा आहे. तिथं मी तक्रार टाकली. साधी नाही, कर्नल लिहिणाऱ्यांची अक्कल काढणारी. परदेशातल्या एका सज्जन माणसानं शांतपणे उत्तर दिलं. म्हणाला, झाकण मिटलं हे लॅपटॉपला झाकणातल्या बारीक चुंबकामुळे कळतं, दुसरं चुंबक जवळ आलं तरी तो फसून झोपतो, आणि असा सारखा झोपला-उठला तर डिस्क गोंधळते. तुमच्याजवळ एखादं चुंबक आहे का?

मला त्याची कीव आली. मी लिहिलं, "साहेब, मी डिझायनर आहे, भंगारवाला नाही. माझ्याजवळ चुंबक नाही. फक्त प्रकृतीसाठी एक उपचार चालू आहे, त्याचा इथं संबंध नाही."

हसू नका! कड्याच्या तांब्यात चुंबकं बसवलेली होती, पण खरंच सांगतो, मला ते चुंबक वाटतच नव्हतं. ते औषध होतं! खोकल्याच्या औषधाला कुणी काचेची बाटली म्हणतं का?

शेठ यायची वेळ आली आणि काठ अजून अर्धा. माझं तोंड बघून सुरेखा म्हणाली, "सरका, मी माऊस चालवते. तुम्ही मागं उभारून सांगा." मी सांगत गेलो, ती दाणे भरत गेली. लॅपटॉप एकदाही झोपला नाही. काठ झाला पुरा!

"बघितलंत?" ती म्हणाली. "तुमच्या हातालाच गुण नाही."

"तसं नाही गं," मी म्हणालो, "सकाळी मी एक सेटिंग बदललंय ना, त्याचा परिणाम."

कारखान्यात शेठ आले. टेबलावर लॅपटॉप, भोवती शेठ, नागेश, सुरेखा. सुरेखा बसायला लागली तर मी म्हणालो, "तू सरक. डिझाइन माझं आहे." ऐटीत बसलो, दोन्ही हात ठेवले, "हे बघा शेठ..."

अंधार.

हात उचलले. लॅपटॉप उठला, पासवर्ड मागितला. टाकायला हात ठेवले. अंधार.

"ह्यांचा लॅपटॉप लाजतो का?" शेठनी विचारलं.

नागेशच्या कपाळावर घाम. "बावा, काय करालाव ओ?" तो दात दाबून म्हणाला. मला रडू यायचं बाकी होतं. वैतागून मी टेबलावर हात आपटला, आणि तिथं पडलेली धागे कापायची कात्री टुणकन उडून माझ्या मनगटाला चिकटली!

मी हात झटकला. कात्री हलेना.

सुरेखानं नाडी बघावी तसा माझा हात कात्रीसकट धरला. लॅपटॉपच्या कडेला नेला. अंधार. बाजूला घेतला. उजेड. परत नेला. अंधार.

"सेटिंग व्हय?" तिनं विचारलं.

शेठ हळूच नागेशला म्हणाले, "ह्यांना घरी नेऊन झोपवा जरा."

"बावा, तुमी दाराबाहेर उभारा," नागेश म्हणाला. मी उभारलो. आत सुरेखानं काठ दाखवला, शेठ खूश झाले, ऑर्डर मिळाली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश मी काचेतून बघितलं, मनगटाला कात्री लोंबकळत असताना.

घरी येऊन परदेशातल्या त्या सज्जनाला कळवलं, "चुंबक सापडलं. माझ्या हातात होतं. दोन्ही हातांत." त्यानं एवढंच लिहिलं, "उपचार लवकर पूर्ण होवो."

कडी काढली. लॅपटॉप सुधारला, मी शांत झालो, बीपी खाली आलं. साडू सगळ्या नात्यात सांगत फिरतायत, "बगा, कड्याचा गुण आला की न्हाय?"

आणि ती कडी टाकून दिली म्हणता? छे! एक सुरेखाच्या हातात आहे. मी लॅपटॉपसमोर बसलेला असतो, ती जेवायला हाक मारते. मी म्हणतो, "एकच मिनिट." ती नुसती येते आणि कडेला हात टेकवते.

इतके कर्नल बदलले मी, पण ह्यावर एकातही तोड नाही. मुकाट्यानं ताटावर जाऊन बसतो.