भास्करकाकांचं जुनं चिनी

सहा आठवडे झाले. शोभाकाकूंचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या रीडिंग गावच्या स्टेशनवर उभी होते. "अगं, काका गेले. चहा घेतला, पेपर उघडला, 'हे लोक सुधारायचे नाहीत' म्हणाले आणि..." कोण लोक, ते काकूंनाही कळलं नाही.

भास्करकाका माझ्या बाबांचे मित्र. लंडनच्या ईलिंग भागात तीस वर्षं बस चालवली, युनियनच्या प्रत्येक संपात पुढे. पण खरं प्रेम चीनवर! तिथली क्रांती मुळातून वाचायची म्हणून तरुणपणी क्लास लावून चिनी शिकले. पुढे चीनने बाजार खुला केला आणि काकूंच्या घरात किटलीपासून आकाशकंदिलापर्यंत सगळं तिकडून यायला लागलं. काका प्रत्येक वस्तू उलटी करून तळावरचं 'मेड इन चायना' वाचायचे आणि म्हणायचे, "तात्पुरतं आहे हे बाजाराचं. मुद्दाम करताहेत." चाळीस वर्षं ते तात्पुरतंच राहिलं.

आमची कंपनी इलेक्ट्रिक सायकली विकते. दोन वर्षांपूर्वी चीनहून कारखानदार मीटिंगला आले आणि नेमका आमचा दुभाषी आजारी पडला. मी काकांना बोलावलं. ते लग्नातला सूट घालून हजर. समोर कारखान्याची मालकीण, पस्तिशीची लिन. काकांनी उभं राहून खणखणीत चिनीत स्वागत केलं. लिन खो-खो हसत सुटली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, "यांनी मला 'लढाऊ कामगार भगिनी' म्हटलं आणि माझ्या उत्पादन तुकडीचं अभिनंदन केलं!" काँट्रॅक्ट गेलंच म्हणून समजले. पण लिन डोळे पुसत म्हणाली, "माझे आजोबा असंच बोलायचे. ते गेल्यापासून हे शब्द ऐकलेच नव्हते."

काकांनी तिला तिच्या गावातल्या कम्यूनबद्दल, तिथल्या सामूहिक शेतीबद्दल विचारलं. "तिथे आता मॉल आहे," ती म्हणाली. परतताना गाडीत काका हळूच म्हणाले, "चांगला आहे का गं तो मॉल? विचारायला हवं होतं."

काँट्रॅक्ट मिळालं. लिन लंडनला आली की ईलिंगला पोहे खायला जायची आणि काकांना नवे शब्द शिकवायची. "भाषाच बिघडवली यांनी," काका कुरकुरायचे. पण ती येणार त्या दिवशी सकाळपासून दाढी करून बसायचे.

परवा काकूंनी काकांच्या टेबलावरची वही दाखवली. डावीकडे चिनी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. सवलत, घरपोच, शेअर बाजार... शेवटच्या शब्दापुढे 'शोषक' लिहून खोडलेलं, 'भांडवलदार' लिहून खोडलेलं, आणि खाली बारीक अक्षरात, 'आपली लिन'.

शब्द कोणता ते कळेना, म्हणून मी लिनला फोटो पाठवला. "उद्योजक," तिचं उत्तर आलं. "समोर काकांनी काय लिहिलंय?"

मी तिला फोनच लावला.