मामाने लावलेले प्लग

माझ्या मामाशेजारी पाच मिनिटं बसूनही स्मार्ट प्लग न समजलेला माणूस पोलादपूर तालुक्यात सापडणार नाही. एसटीत शेजारी बसलेला, दाढी करणारा न्हावी, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतला अनोळखी पाहुणा, कुणालाही त्याने सोडलं नाही. "भितीतल्या सॉकेटात हा खुपसायचा, पंख्याची पिन ह्याच्यात. मोबाइलवरनं हुकूम सुटला का ह्याच्या पोटातली पट्टी टिक् करून जुळते, करंट पुढं जातो. परत हुकूम, परत टिक्, बंद! पण पंपाला नाय लावायचा. छोटा जीव हाय, जळंल."

मुंबईत वायरमनकी करून मामा वाडीत परतला तो असे सहा प्लग घेऊन. घरात नेट येईना म्हणून नेटचं यंत्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून फणसाला टांगलं. वाऱ्याने पिशवी फिरली की घरातला दिवा ऐकेनासा व्हायचा; मग मामा छत्री घेऊन पिशवी सरळ करायला निघायचा. "बटन हाताशी हाय, न् ह्ये झाडाखाली जाऊन दिवा लावतात!" मामी म्हणायची. तिचे कष्ट वाचावेत म्हणून त्याने मिक्सरला सकाळी सहाची वेळ लावून दिली. मिक्सर सहाच्या ठोक्याला फिरला, पण झाकणाविना. "आता चटणी काय भितीवरनं खरवडून वाढू?" मामी आठवडाभर हेच विचारत होती.

मग मामीची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. मामाने तिच्या डाव्या हाताशी फोन ठेवला आणि महिनाभर रोज तोच धडा शिकवला. ती अंगठ्याने पंखा लावू लागली. मामा शेतावर असला तरी त्याच्या फोनवर ते दिसायचं. "उठली," एवढंच म्हणून तो परत कामाला लागायचा.

त्या दिवशी तिची औषधं घ्यायला तो महाडला आला होता. माझ्याकडे जेवायला बसला, दर दोन घासांनी फोन बघत. "दोन वाजले. येवढा उकाडा, न् पंखा नाय लावलान अजून?" आधी तो हसला. मग ताटावरून उठला आणि शेजारणीला फोन करून घरात बघायला सांगितलं. ती आत गेली. फोन ठेवून मामाने औषधांची पिशवी माझ्याकडे सरकवली; ती आता लागणार नव्हती.

चार महिन्यांनी मामा पुन्हा आला. माझी आई, त्याची थोरली बहीण, खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होती. त्याने तिच्या दिव्याला आणि पंख्याला प्लग लावले, फोन तिच्या हातात दिला आणि न कंटाळता चार वेळा समजावून सांगितलं. बाकीचे चार वाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकल्याचं बोलता बोलता कळलं.

"सगळेच वाटलेस? मग तू काय करतोस रे?" आईने विचारलं.

तो वायरीचे तुकडे गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "मी उठून लावतो, ताई. उठायला कायतरी नको?"