वर्षाचे गहू आणि काकांचा पत्ता

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. आमचे काका शांत. त्यांच्याशी भांडायला गेलं की ते "हं, बोल" म्हणतात आणि ऐकत राहतात, त्यानं माझं डोकं आणखीच फिरतं.

काका नात्यातले नव्हेत. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या आमच्या डब्याच्या कंपनीचे मालक आणि डायरेक्टर. मोटारींच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झाले, घरी बसवेना, म्हणून युनिव्हर्सिटीतल्या पोरापोरींना पोळीभाजीचे डबे द्यायला लागले. कंपनी रीतसर रजिस्टर केलेली, आणि डायरेक्टर म्हणून काका स्वतःही पगार घ्यायचे. बाकी स्टाफ म्हणजे मी आणि मावशी. ऑर्डरी, भाज्या, गाडी चालवणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. पोळ्या मावशींकडे. मावशी बासष्टीच्या, नागपूरकडच्या, एकट्या राहणाऱ्या.

कोरोनाच्या आदल्या दिवाळीनंतर काका-काकू पुण्याला गेले. कायमचे. यात शंकेला जागाच नव्हती, कारण इथल्या महाराष्ट्र मंडळानं त्यांचा निरोप समारंभ केला होता. तसा तो तीन वर्षांपूर्वीही केला होता, पण तेव्हा हॉर्नच्या आवाजाला वैतागून दोघं सहा महिन्यांत परत आले. त्यामुळे या वेळी मंडळाच्या सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ आणायच्या आधी घर विकल्याची खात्री करून घेतली. सूत्रसंचालन मी केलं. काका माईकवर म्हणाले, "आजपासून मी पुणेकर," आणि रडले. मीही रडले. जाताना बर्फाचं फावडं मला देऊन गेले. कंपनी मात्र सोडली नाही. फोनवरून चालवीन म्हणाले, आणि पगारही चालूच ठेवला.

मग मार्चमध्ये सगळं बंद झालं. पोरं मिळेल त्या विमानानं घरी पळाली. ज्यांना तिकीट मिळालं नाही तेवढी मागे राहिली. मावशींचं पोळ्यांचं काम सकाळी नऊलाच संपायला लागलं, आणि नंतर त्या ओट्याशी नुसत्या बसून राहायच्या. त्यांचा मुलगा रेडमंडला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो रोज फोन करायचा, "आई, बस झालं आता, इकडे ये." मुलगा चांगला, सूनही चांगली. मावशी एक हिवाळा तिथे काढून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "काही कमी नाही गं तिथं. पण फ्रिज उघडायचा तरी विचारावंसं वाटतं. इथली खोली माझी आहे. माझ्या पगारातून भाडं जातं तिचं."

नोकरी गेली की खोली जाणार आणि मावशींना मुलाकडे जावं लागणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्याच सुमाराला सरकारनं पगारासाठी मदत काढली. छोट्या कंपन्यांनी माणसं काढायची नाहीत, पगार सरकार भरणार. माझा जीव भांड्यात पडला. मदत बँकेमार्फत मिळणार होती, म्हणून मी बसले बँकेचा फॉर्म भरायला.

आणि तिथेच घोळ घातला. फॉर्ममध्ये पगार घेणाऱ्यांची यादी होती. यादी करायची म्हणजे मोठ्या माणसाचं नाव आधी, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. लग्नाच्या पत्रिकेपासून आहेराच्या यादीपर्यंत जन्मभर तेच केलंय. तर सगळ्यात वर डायरेक्टर म्हणून काका, खाली मावशी, शेवटी मी. बँकेतल्या बाईनं यादी उघडली आणि पहिल्याच नावावर थांबली. फोनवर फार गोड आवाजात म्हणाली, "हे डायरेक्टर राहतात कुठे?"

मी म्हटलं, "पुण्याला." मग म्हटलं, "म्हणजे सध्या." मग आणखी काहीतरी बोलत सुटले, काय ते देवाला ठाऊक. तिनं शांतपणे समजावलं. मालक परदेशी राहत असला तरी हरकत नाही, कंपनी इथली आहे, इथल्या लोकांना मदत मिळेल. पण ज्याचं मुख्य राहतं घर अमेरिकेबाहेर आहे, त्याचा पगार यात धरता येत नाही. आणि सही करून खोटं लिहिलं तर सगळीच मदत अडचणीत येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे पुण्यात संध्याकाळी सहाला, मी किचनमधून काकांना व्हिडिओ कॉल लावला. मागे मावशी कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "काका, यादीतनं तुमचं नाव काढावं लागतंय."

"का?"

"तुम्ही इथे राहत नाही म्हणून."

"कोण म्हणतं? माझं लायसन्स मिशिगनचं आहे. लायब्ररीचं कार्डसुद्धा चालू आहे. विमानं बंद आहेत म्हणून मी इथं अडकलोय. तात्पुरता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तात्पुरते? अहो, शाल पांघरवली आम्ही तुम्हाला! दोनदा!"

"हं, बोल," काका म्हणाले.

मग मी बोललेच. घर विकलंत, गाडी विकलीत, माझ्या गॅरेजमध्ये तुमचं फावडं पडलंय, आणि लायब्ररीचं कार्ड काय दाखवता, असा तोंडाचा पट्टा सोडला. काका ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "कायद्यात मुख्य राहतं घर म्हणजे काय, ते लिहिलंय का कुठे नीट? नाही ना? मग माणसाच्या मनावर आहे ते." रिटायर झालेल्या इंजिनियरपुढे मी हात टेकले.

तेवढ्यात काकांच्या मागून काकूंचा आवाज आला. "अहो, झालं का तुमचं? गव्हाला एरंडेल चोळायचंय, मला एकटीला होत नाहीये."

मावशींनी कणकेचे हात तसेच ठेवून मोबाईलमध्ये डोकं घातलं. "काकू, गहू घेतले? लॉकडाऊनमध्ये मिळाले कुठनं?"

"सोसायटीत टेम्पो आला होता. दोन पोती घेतली. वर्षाची बेगमी झाली बघा."

"मग झालं," मावशी म्हणाल्या.

"काय झालं?" काका म्हणाले.

"साहेब, चार दिवस गावाला गेलेलं माणूस दोन किलो कणीक आणतं. वर्षाचे गहू कोण भरतं?"

मला हसू फुटलं. काकूही हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता पुन्हा लायसन्सवर येणार. पण ते हळूच म्हणाले, "पस्तीस वर्षं काढली गं तिथं. आता तिथे माझं घर नाही, गाडी नाही. या एका यादीत तेवढं नाव होतं."

मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांना लबाड समजत होते, पगारासाठी हटून बसलेत म्हणून चिडले होते, आणि इथे हे. फार वाईट वाटलं मला.

काकांनीच विचारलं, "मावशी, हे अडलं तर तुम्ही काय कराल?"

"काय करणार? रेडमंडला जाईन."

मावशींचं रेडमंडबद्दल काय मत होतं ते काकांना पुरतं माहीत होतं. ते म्हणाले, "काढ माझं नाव. खाली मालकाचा पत्ता लागेल ना? घे लिहून."

इमारत सांगितली, गल्ली सांगितली, पुणे सांगितलं. मी म्हटलं, "पिनकोड?" काकांनी सवयीनं ॲन आर्बरचा झिपकोड धडाधडा म्हणून टाकला. मी कीबोर्डवर बोट वरच धरून बसले. मग त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी मान वळवली आणि आत आवाज दिला, "अगं, आपला पिनकोड काय?" काकूंनी आतून सांगितला, त्यांनी तो मला सांगितला, आणि मी लिहिला. "चल, गहू वाट बघतायत," म्हणाले आणि फोन ठेवला.

मदत मंजूर झाली ती दोन नावांवर. बँकेतल्या बाईचा फोन आला तेव्हा आम्ही डबे भरत होतो. मी मावशींना सांगितलं. त्यांनी पोळीचा पुडा फॉइलमध्ये गुंडाळला, हात धुतले, पदराला पुसले आणि मुलाला फोन लावला.

"नाही रे, नाही जमायचं यायला," त्या म्हणाल्या. "कामावर आहे मी."

पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. मावशी स्टुलावर ताठ बसल्या.

"म्हणजे काय?" म्हणाल्या. "पगारी!"